एकेचाळिसावा भाग

केंद्रावर सगळे तिला पेन्सिलताई म्हणत. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची, आणि ती डोक्यात असतानाच टेबलाचे सगळे खण उपसून पेन्सिल शोधायची तिला सवय होती. शहरातल्या छोट्या टीव्ही केंद्रावर कोणता कार्यक्रम किती वाजता लागणार, याचा तक्ता ती बनवायची. काम म्हटलं तर कारकुनीच. मोठ्या केंद्राकडून टेपा यायच्या, बरोबर छापील वेळापत्रक यायचं, आणि तिच्या आधीच्या गृहस्थांनी नऊ वर्षं ते वेळापत्रक मान खाली घालून जसंच्या तसं उतरवलं होतं.

पेन्सिलताईला ते जमेना. "हे वेळापत्रक लिहिणाऱ्यानं आपलं गाव पाहिलंय का?" असं ती विचारायची, आणि मग खोडरबर हातात घ्यायची.

हवामानाचा अंदाज सगळीकडे संध्याकाळी असायचा. तिनं तो सकाळी साडेसहाला आणला. का, तर पाऊस येणार हे बाईला कपडे भिजवायच्या आधी कळायला हवं, वाळत घातल्यावर कळून काय उपयोग! संध्याकाळी सातच्या बातम्या तिनं सात वाजून दहा मिनिटांनी सुरू केल्या, कारण कामगारांना घरी आणणारी कारखान्याची बस सात वाजून पाच मिनिटांनी थांब्यावर लागायची. आणि रविवारच्या सिनेमाचं तर तिनं भलतंच केलं. सिनेमा सव्वानऊला संपायचा, पण नऊच्या पाळीची माणसं साडेआठलाच डबा घेऊन निघायची. नायिका वाचली की गेली, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागायचं. म्हणून सोमवारी सकाळी अकरा वाजता तिनं त्याच सिनेमाचा फक्त शेवटचा पाऊण तास लावायला सुरुवात केली. एका आजीबाईंचं पत्र आलं, "मी आता रविवारी बघतच नाही. सुरुवातीला सगळेच गोड वागतात, त्यात बघायचं काय?"

केंद्राचे साहेब अधूनमधून तक्ता बघून कपाळाला हात लावत. पण पत्रं येत होती, लोक खूश होते, त्यामुळे ते नुसतेच "ताई, वरच्यांना कळू देऊ नका म्हणजे झालं" असं म्हणून निघून जात.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. वडील फार लवकर गेले होते. आईनं लोकांचे कपडे शिवून हिला वाढवलं, आणि आता गुडघ्यानं दगा दिल्यावर मशीन बंद करून ती निवांत बसली होती. निवांत म्हणजे नुसतं म्हणायला. लेकीच्या तक्त्यात तिचं अर्धं डोकं असायचं. कपड्यांचं आणि हवामानाचं डोकं तिचंच.

तीन बहिणींची ती मालिका आली, तेव्हा छापील वेळापत्रकात तिची वेळ रात्री आठची होती.

"आठला?" आई म्हणाली. "आठला बाई स्वयंपाकघरात असते. तिला नुसतं ऐकू येणार, आणि बघणार कोण? घरातले पुरुष! सहाला लाव. सहाला बाईला जरा श्वास असतो."

"सहाला मुलांचा कार्यक्रम असतो आई."

"मुलं खेळतील की बाहेर. बरंच होईल त्यांचं."

पेन्सिलताईनं मालिका सहाला लावली. सोमवार ते शुक्रवार, सहा ते पावणेसात. दोन आठवड्यांत अशी अवस्था झाली की सुरुवातीची बासरी वाजली की रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. दुकानदार गल्ल्याकडे पाठ करून आतल्या सेटकडे बघत बसायचे. न्हावी एका बाजूचे केस कापून थांबायचा. मुलंसुद्धा खेळ टाकून आत यायची. आणि प्रत्येक घरात आवाज मोठा, कारण शेजारच्याचाही मोठा.

आईला या गोष्टीचा केवढा अभिमान! दवाखान्याच्या रांगेत, दळणाच्या दुकानात, ओळख असो नसो, ती सांगायची, "ते सहाचं ना? आमच्या हिनं लावलंय ते."

त्या दोघी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. घरात चांगला सेट होता, पण मालिका बघायला आई रोज एक जिना उतरून पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे जायची. वहिनींचा नवरा फिरतीवर, मूलबाळ नाही, त्याही एकट्याच. पेन्सिलताई म्हणायची, "गुडघा दुखतो ना तुझा, मग घरी बघ." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "एकटीनं रडण्यात काय मजा?"

त्या बुधवारी आईला निघायला उशीर झाला. दूध उतू गेलं, ते पुसत बसली. तेवढ्यात चारी बाजूंनी बासरी सुरू झाली. आई घाईघाईनं निघाली, जिन्याच्या वळणावर पाय सरकला, आणि ती सहा-सात पायऱ्या खाली गेली.

त्या वेळी पेन्सिलताई केंद्रावर मशीनच्या खोलीत होती. टेपा लावणारे म्हातारे काका, त्यांना सगळे मशीनकाका म्हणत, आणि ती, दोघं छोट्या सेटवर तोच भाग बघत चहा पीत होते. सात वाजायला पाच मिनिटं असताना फोन आला. वहिनींचा आवाज नीट फुटत नव्हता.

"ताई, लवकर या. आई जिन्यात पडल्यात."

"कधी?"

"माहीत नाही हो. मालिका संपली, मी दार उघडलं, तर..."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात वेळ लागेल, पण होईल बरं. पहिले काही दिवस तसं वाटतही होतं. आई पडल्या पडल्या नर्सला सहाच्या मालिकेबद्दल सांगू लागली होती. चौथ्या दिवशी पेन्सिलताईनं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

"आई, तू हाक नाही मारलीस कोणाला?"

"मारल्या की. पुष्कळ मारल्या," आई म्हणाली. "पण ऐकणार कोण? सगळ्यांचं लागलं होतं." मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पेन्सिलताईला पुढे जन्मभर आठवलं ते हेच हसू, कारण त्यात बोल लावणं नव्हतंच, कौतुक होतं. "अख्खा गाव एका जागी बसवलास गं तू. एक दार उघडं नव्हतं बघ."

पडून राहिल्यानं छातीत कफ साठला. अकराव्या दिवशी सकाळी आई गेली.

पेन्सिलताई पंधरा दिवसांनी कामावर आली. पुढच्या आठवड्याचा तक्ता काढला आणि मशीनकाकांकडे नेऊन दिला. काकांनी चष्मा वर-खाली केला.

"सहा वीस ते सहा पंचवीस. इथं काय लिहिलंय हे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही असंच लिहिलंय, काका. मालिका मध्ये थांबवायची. आवाज नाही, चित्र नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावायची."

"लोक सेट बडवतील, पोरी."

"बडवू देत."

लोकांनी खरंच बडवले. पहिल्या दिवशी केंद्रावरचा फोन खाली ठेवता येईना. सेट दुरुस्त करणारा सायकलवरून या गल्लीतून त्या गल्लीत धावला आणि सगळीकडे एकच उत्तर ऐकून वैतागून घरी गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं.

"ताई, हे काय चाललंय?"

"साहेब, पाच मिनिटं घरात आवाज नसला तर बाहेरचं ऐकू येतं," ती म्हणाली. "एवढंच."

साहेबांना आईचं सगळं ठाऊक होतं. ते बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसले. "वर विचारलं तर यंत्राला विश्रांती लागते म्हणून सांगीन," ते म्हणाले. "पण किती दिवस?"

"बघू."

ते 'बघू' तीन वर्षं चाललं. तीन बहिणींची मालिका संपली, दुसरी आली, तिसरी आली, पाच मिनिटं राहिली. गाव चिडलं, मग हसलं, मग त्याला सवय झाली. त्या पाच मिनिटांत लोक चहा टाकायचे, दारात येऊन उभे राहायचे, समोरच्याला "काय म्हणता" विचारायचे. एकानं लिहिलं, आमचा नळ गेली दहा वर्षं गळतोय हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. एका सुनेनं लिहिलं की सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्यात, कृपया पाच मिनिटं बंद करावीत.

पेन्सिलताई रोजचं टपाल स्वतः उघडायची. तिला एकच पत्र हवं होतं. कोणीतरी पडलं होतं, कोणाला तरी चक्कर आली होती, कोणाचं तरी बोलावणं त्या शांततेत ऐकू आलं आणि कोणीतरी धावत गेलं, असं एक. बस, एकच. तीन वर्षांत ते आलं नाही. त्या पाच मिनिटांत कोणी पडलंच नाही, की पडलं आणि तरीही कोणाला ऐकू गेलं नाही, हेही तिला कळायला मार्ग नव्हता.

मग साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले ते हिशोबी. पहिल्याच बैठकीत त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथं साबणाच्या जाहिराती आल्या. सगळ्यांना वाटलं पेन्सिलताई भांडेल. ती भांडली नाही. तिनं 'काही नाही' हे शब्द खोडले आणि तिथं 'जाहिराती' लिहिलं.

आठवडाभरानं एका सकाळी, ती कामावर निघायच्या तयारीत असताना, खालच्या वहिनी वर आल्या. आई गेल्यापासून दोघींचं बोलणं जिन्यातल्यापुरतंच उरलं होतं. वहिनी कधी नजरेला नजर देत नसत, आणि दुःखामुळे असेल असं पेन्सिलताईनं धरलं होतं.

"ती पाच मिनिटं बंद केलीत का हो ताई?"

"केली. वरून सांगितलं."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. "मी रोज बाहेर यायचे त्या पाच मिनिटांत," त्या म्हणाल्या. "जिन्यात येऊन उभी राहायचे. तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही. आता कधी येऊ तेच कळत नाही."

पेन्सिलताईनं त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. वहिनी बसल्या नाहीत.

"ताई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

पेन्सिलताईनं कामाची पिशवी खाली ठेवली.

"हाक आली होती. 'अगं ए, कोणी आहे का' अशी. दोनदा. पण मला वाटलं ते मालिकेतच आहे. त्यातलीच कोणी म्हातारी हाक मारतेय. मी आपली बघत राहिले. मनात एकदा आलंसुद्धा, आज आई कशा आल्या नाहीत. पण म्हटलं मध्येच कुठं उठायचं..." वहिनींनी पदर तोंडाशी धरला. "तुम्ही केंद्रावर असता. तुमच्याकडे असेल ना तो भाग? होती ना हो त्यात म्हातारी? मी खूप आठवून बघते, मला काही आठवत नाही. मला फक्त एवढंच कळू द्या, की त्यात हाक होती."

"बघून सांगते," पेन्सिलताई म्हणाली.

मालिकेच्या टेपा केंद्राच्या लोखंडी कपाटात ओळीनं लावलेल्या होत्या. बुधवार कोणता हे तिला कॅलेंडर न बघता ठाऊक होतं. एकेचाळिसावा भाग. दुपारी मशीनची खोली रिकामी असते तेव्हा तिनं ती टेप काकांपुढे ठेवली आणि वहिनींनी काय विचारलंय ते सांगितलं. काकांनी आकडा वाचला, टेप लावली, आणि "मी जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

पाऊण तासाचा भाग. थोरली आणि मधली बहीण एका वकिलाच्या खोलीत बसून घराच्या वाटणीबद्दल बोलतात. मग धाकटी येते. मग तिघी बोलतात. चढा आवाजसुद्धा कोणी काढत नाही. त्यात म्हातारी नव्हती. रस्ता नव्हता, जिना नव्हता, हाक नव्हती. तिनं टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली, या वेळी डोळे मिटून. दाराची एक कडी वाजली, तेव्हा तिनं जीव कानात आणला. पण ती कडीच होती.

म्हणजे वहिनींनी जे ऐकलं, ती आईच होती. बंद दारातून, मोठ्या आवाजातून आईची हाक आत पोहोचली होती. एकदा नव्हे, दोनदा.

त्या दिवशी ती बस न घेता चालत घरी गेली. पहिल्या मजल्यावर वहिनींचं दार उघडंच होतं. बहुधा त्या दुपारपासून दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"पाहिला भाग," पेन्सिलताई म्हणाली. "तुम्ही म्हणता ते खरं आहे वहिनी. बाजारातला प्रसंग आहे. एक म्हातारी हाक मारते."

"दोनदा?"

"दोनदा."

वहिनी मटकन खाली बसल्या. भिंतीला टेकून, पाय पसरून, लहान मूल बसतं तशा. त्यांना रडू आवरेना आणि त्यातूनच त्या म्हणत राहिल्या, "म्हणजे मला उगाच वाटत होतं... उगाच वाटत होतं..." पेन्सिलताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. बऱ्याच वेळानं वहिनींनी डोळे पुसले आणि विचारलं,

"मग त्या म्हातारीकडे आलं का कोणी?"

"आलं," पेन्सिलताई म्हणाली. "तिची मुलगी आली."

वर घरात जाऊन दार लावल्यावर ती जी रडली, ती आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

वर्षभरानं लोकांच्या आग्रहानं तीन बहिणींची मालिका पुन्हा दाखवायचं ठरलं. नव्या साहेबांना त्यात बिनखर्चाचा कार्यक्रम दिसला. पेन्सिलताईनं तक्ता काढला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि त्यापुढे बेचाळीस.

मशीनकाकांनी तक्ता वाचला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटातून चाळिसावी आणि बेचाळिसावी टेप काढून एकमेकींवर ठेवल्या. विचारलं काहीच नाही.

गावानं मात्र विचारलं. मंगळवारी तिघी बहिणींचं घरावरून बोलणं बंद होतं आणि बुधवारी त्या एका टेबलाशी बसून जेवत होत्या. वाटणी कशी मिटली, वकिलानं काय सांगितलं, कोणाला पत्ता लागेना. फोन आले, पत्रं आली, एका वर्तमानपत्रानं चौकट छापली. नव्या साहेबांनी तिला उभं करून विचारलं. टेप खराब झाली होती, असं ती म्हणाली. साहेबांनी टेप मागवली, स्वतः लावून बघितली, आणि तिला लेखी समज दिली. निष्काळजीपणा आणि खोटं बोलणं, अशी दोन कारणं त्यात होती. तिनं वाचून सही केली. पुढच्या महिन्यात तक्त्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला पत्रं फोडायला बसवलं.

भाग गाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी वर आल्या होत्या.

"कालचा भाग लागलाच नाही म्हणे."

"टेप खराब झाली, वहिनी."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. किती तरी वर्षांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला बघवलं नसतं." त्यांना काय समजलं आणि काय नाही, हे पेन्सिलताईला कधीच कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. पुढे वहिनींना दुखणं लागलं तेव्हा पेन्सिलताईच त्यांना दवाखान्यात घेऊन जायची, औषधं आणायची, दुपारचं जेवण खाली नेऊन द्यायची. चार वर्षं तिनं ते केलं. वहिनी गेल्या त्या सकाळी तीच त्यांच्या उशाशी होती.

पुढे केंद्रच बंद झालं. गावात केबल आली, चाळीस वाहिन्या आल्या, आणि इथल्या वेळा इथं ठरवायची गरज कोणाला उरली नाही. शेवटच्या दिवशी ती आणि मशीनकाका आवारातल्या बाकावर बसले होते. काका तोवर पार थकले होते. त्यांनी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"त्या खालच्या बाईला माफ केलंस का गं तू?"

"मला नाही ठाऊक, काका," पेन्सिलताई म्हणाली. "तिनं दोन हाका तरी ऐकल्या. मी त्या वेळी तुमच्याबरोबर चहा पीत होते."

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून हमाल लोखंडी कपाट बाहेर काढत होते आणि ते दारात अडकलं होतं, म्हणून दोघं उठून बाजूला झाले.